विज्ञानशिक्षकाची उमेदवारी

‘प्रकल्प’ हा शब्द अलीकडे आपल्या घरांतून बहुधा रात्री दहाच्या सुमारास ऐकू येतो. तो उद्या द्यावयाचा असतो आणि मुलाला आत्ता आठवलेला असतो. मग वडील कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला अर्धे ओढलेले शटर वर करावयास लावतात, सूर्यमालेचा किंवा जलचक्राचा छापील तक्ता घेऊन येतात. आई कात्री चालवते, थोरली बहीण सुवाच्य अक्षरात मथळा लिहिते, आणि ज्याचा प्रकल्प तो झोपी गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याला दहांपैकी नऊ गुण मिळतात. एक गुण कशाचा कापला हे कोणालाच कळत नाही.

ह्यावर आपण हसतो आणि शिक्षकाला नावे ठेवतो. पण त्या शिक्षकाने अध्यापक महाविद्यालयात स्वतः जो प्रकल्प केला तो कसा होता, हे आपण विचारीत नाही. तोही बहुधा असाच होता: गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून घेतलेली वही, नवे वेष्टन, नवे नाव. ज्याने एकही प्रकल्प शेवटापर्यंत नेला नाही, त्याने मुलांकडून तो करवून घ्यावा ही अपेक्षा म्हणजे लेथ न पाहिलेल्या माणसाने टर्नर तयार करावेत अशी अपेक्षा होय.

कामगार चळवळीतल्या माणसाने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे कामगारांची मुले ह्याच शिक्षकांपुढे बसतात. त्यांना शिकवणीचा दुसरा दरवाजा उघडा नसतो. दुसरे असे की, हाताला कसब कसे येते हा प्रश्न आमच्या रोजच्या धंद्यातला आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही शिकलो ते उमेदवारीत, रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे शिक्षणशास्त्रज्ञांची भाषा आम्हांस पुरती येत नाही. परंतु उमेदवाराचा कारागीर कधी होतो आणि कधी होत नाही, हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहिले आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. प्रकल्प ही कल्पना शाळेत आली ती कारागिरीच्या आणि शेतीच्या वाटेने. सोळाव्या-सतराव्या शतकांत रोममधल्या कलापीठात वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना नुसती व्याख्याने न देता एखाद्या इमारतीचा आराखडा स्वतः रचावयास सांगत. त्याला इटालियन भाषेत ‘प्रोजेत्तो’ म्हणत. पुढे अमेरिकेत सेंट लुईस येथे कॅल्विन वुडवर्ड ह्यांनी १८७९ साली हस्तव्यवसायाची शाळा काढली. तेथे मुले आधी हत्यारे चालवावयास शिकत आणि शेवटी एखादी पुरी वस्तू स्वतः योजून बनवीत. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकी शाळांत रुफस स्टिमसन ह्यांनी मुलांना घरच्या शेतावर स्वतःच्या जबाबदारीने एखादे पीक किंवा कोंबड्या सांभाळावयास दिल्या. शाळेतले शास्त्र त्या कामाच्या गरजेने शिकावयाचे. ह्या सगळ्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली जॉन ड्यूई ह्यांनी, आणि ‘प्रकल्प पद्धती’ हे नाव गाजले ते त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक ह्यांच्या १९१८ सालच्या निबंधामुळे. हे दोघेही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात त्याच विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूईंच्या वर्गांत बसत होते, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षणपरिषद भरली, तिने उद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. त्याचा उगम वेगळा, पण नाते जवळचे आहे.

आता आपल्याकडे विज्ञानाचा शिक्षक कसा घडतो ते पाहा. त्याने पदवी घेतलेली असते. बी.एड.ला त्याला पाठ घ्यावे लागतात. प्रत्येक पाठाचे टाचण लिहावयाचे: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. ही चौकट जर्मनीतल्या हर्बार्टच्या पंचपदीची नातवंडे आहेत. चौकट वाईट नाही. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असते. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. तीत शिकवण्याच्या कामाचे तुकडे करतात. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फलकलेखन, परवा फक्त उदाहरण देणे, आणि तेही पाच-सहा मिनिटांत, पुष्कळदा समोर बसलेल्या सहाध्यायांनाच मुले समजून. ह्या पद्धतीला आम्ही नावे ठेवणार नाही. आमच्याकडेही नवा पोरगा आला की त्याला आधी लोखंडाचा ठोकळा आणि कानस देतात. वाइसमध्ये ठोकळा धरून तो दिवसेंदिवस घासतो. काटकोनात आला की नाही, उस्ताद गुण्याने पाहतो. त्यावाचून हात बसत नाही.

परंतु आठ महिने नुसता ठोकळाच घासावयास दिला, तर तो पोरगा ठोकळा घासण्यात पटाईत होतो. फिटर होत नाही. फिटर होतो तो बंद पडलेले यंत्र समोर आल्यावर. तेथे कोणता भाग बिघडला हे कोणी सांगत नाही, हत्यार कोणते घ्यावयाचे हे टाचणात नसते, आणि यंत्र चालू झाले की नाही हे उस्तादाच्या शेऱ्यावर अवलंबून नसते. आपल्या छात्राध्यापकाला ठोकळा मिळतो, बंद यंत्र मिळत नाही. त्याच्या पाठात प्रश्न असतात, पण सगळ्यांची उत्तरे टाचणाच्या उजव्या रकान्यात आधीच लिहिलेली असतात. ‘अपेक्षित उत्तर’ असे त्या रकान्याचे नाव आहे. मूल काय म्हणेल हे मुलाला भेटण्यापूर्वी लिहून ठेवण्याची ही प्रथा आम्हांस नेहमीच अद्भुत वाटत आली आहे.

आमच्या संघटनेच्या कार्यालयामागे कामगारांच्या मुलांचा एक वर्ग चालतो. मध्यंतरी जवळच्या एका अध्यापक महाविद्यालयातले सहा छात्राध्यापक तेथे दोन महिने आले. त्यांच्या प्राध्यापिका समंजस होत्या. त्यांनी अट एकच घातली: सहा जणांनी मिळून मुलांबरोबर एकच प्रश्न घ्यावयाचा, तो दोन महिने सोडावयाचा नाही, आणि टाचण तास झाल्यावर लिहावयाचे, आधी नव्हे. प्रश्न सातवीच्या एका मुलीने दिला. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे घरी सगळे म्हणतात. ते खरे का?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. मोकळ्या जागेत मीटरभर उंचीची एक काठी रोवली. छात्राध्यापकांची समजूत अशी की, ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे: बारा वाजता सावली सर्वांत आखूड दिसेल आणि पाठ संपेल. बारा वाजले. सावली आखूड होतच राहिली. साडेबारा झाले, तरी ती आखडतच होती. पुढे पुढे तर ती हलेनाशीच झाली. मुले पट्टी लावून बसली. कोणी म्हणे बारा चाळीस, कोणी म्हणे एक वाजला. दहा मिनिटांत सावली दोन-तीन मिलिमीटरच सरकते, आणि तिची कड तर त्याहून अधिक धूसर असते. मग आखूड क्षण सापडणार कसा? त्या दिवशी एका छात्राध्यापकाने सरळ उत्तर सांगून टाकले: “बारा वाजताच असते, आपली मोजणी चुकली.” पुस्तक वाचवावयाचे असले की माणूस डोळ्यांना खोटे ठरवतो. हे आम्ही कारखान्याच्या चौकशी समित्यांत पुष्कळ पाहिले आहे.

शनिवारी सहाही जण प्राध्यापिकेबरोबर बसले. ह्या बैठकीचा नियम असा होता की, आपण काय शिकवले हे सांगावयाचे नाही. मुले काय म्हणाली तेवढेच वाचून दाखवावयाचे. पहिल्या शनिवारी कोणाजवळच काही लिहिलेले नव्हते, कारण मुलांचे बोलणे कोणी ऐकलेच नव्हते. दुसऱ्या शनिवारी दोघांच्या वहीत चार वाक्ये होती. त्यांतले एक असे: “सावली सकाळी जेवढी असते तेवढीच दुपारी परत होते.” बोलणारा मुलगा वर्गात मागे बसणारा. ते वाक्य म्हणजे सगळ्या कोड्याची किल्ली होती, आणि वर्गात ती ऐकूनही कोणी उचलली नव्हती.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. काठीभोवती वर्तुळ काढावयाचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवून आत येते, ती वेळ टिपावयाची. दुपारी ते पुन्हा वर्तुळाला शिवून बाहेर जाते, ती वेळ टिपावयाची. दोहोंच्या बरोबर मधली ती खरी मध्यान्ह. मुलांनी सुतळी आणि खडू घेऊन वर्तुळ काढले. टोक साडेअकराला आत आले आणि दोन वाजून आठ मिनिटांनी बाहेर गेले. मध्य निघाला बारा वाजून एकोणपन्नास मिनिटे. वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषाही आयती मिळते. ती मुलांनी स्वतः शोधली आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटला.

एका गटाची मध्यान्ह मात्र बारा वीसला आली. छात्राध्यापिकेने ते उत्तर खोडावयास घेतले होते. प्राध्यापिकेने डोळ्यांनीच थांबवले. मग त्या गटाला विचारले की, तुमची आणि त्यांची काठी सारखी आहे का? बराच वेळ कोणी बोलले नाही. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी तो किती थांबतो, हे मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विदुषीने मोजले होते. सरासरी एक सेकंदच शिक्षक थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब होतात, गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. त्या दिवशी थांबणे तीन सेकंदांहून पुष्कळ अधिक झाले. शेवटी एक पोरगा उठला, घरी धावत गेला आणि बापाचा ओळंबा घेऊन आला. बाप गवंडी. काठी पूर्वेकडे झुकलेली निघाली. त्या पोराने त्यापूर्वी विज्ञानाच्या तासाला तोंड उघडल्याचे कोणास आठवत नव्हते.

हे सारे आम्ही एवढ्या विस्ताराने का सांगतो? टाचणात ज्यांना अध्यापनकौशल्ये म्हणतात ती येथे एकेक करून आली, परंतु त्यांचे नाव कोणी घेतले नाही. प्रश्न विचारून थांबणे. चुकीचे उत्तर न खोडता त्याच्या मुळाशी जाणे. एक घड्याळ आणि पाच गट असता कोणी रिकामा राहणार नाही अशी वाटणी करणे. मागच्या मुलाचे वाक्य ऐकून ते सर्वांपुढे ठेवणे. ह्यांतले कोणतेही कौशल्य त्या छात्राध्यापकांना परीक्षेसाठी दाखवावयाचे नव्हते. त्यावाचून काम पुढे सरकत नव्हते म्हणून ते त्यांना कमवावे लागले. ठोकळा आणि यंत्र ह्यांतला फरक तो हाच.

मार्चच्या अखेरीस त्यांनी पुन्हा मध्यान्ह काढली. आता ती आली बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांना. दीड महिन्यात दहा मिनिटे कोठे गेली? मुलांनी विचारले, आणि सहांपैकी एकालाही सांगता येईना. विज्ञानाचे पदवीधर होते सगळे. एकाने मुलांपुढे फळ्याजवळ उभे राहून म्हटले, “मला ठाऊक नाही. शोधून सोमवारी बोलू.” आमच्या मते त्या दोन महिन्यांतला सर्वांत मोठा पाठ हाच. उत्तर त्यांनी शोधले. पृथ्वीची कक्षा नेमकी वर्तुळ नाही आणि तिचा आस कललेला आहे. ह्या दोन कारणांनी सूर्याची मध्यान्ह वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होते. फेब्रुवारीत ती सर्वांत उशिरा येते, नोव्हेंबरच्या आरंभी सर्वांत लवकर. ही गोष्ट वजा केली तरी पुण्याकडे मध्यान्ह सुमारे बारा पस्तीसला, मुंबईत बारा एकोणचाळीसला आणि नागपुरात बारा चौदाला येते. कारण भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. आणि सूर्य अगदी डोक्यावर येतो तो महाराष्ट्रात कोठेही वर्षातून फक्त दोनदा. पुण्याला पहिला दिवस मेच्या मध्याला येतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसरा जुलैच्या अखेरीस, तेव्हा शाळा भरलेली असते, पण आभाळही भरलेले असते.

येथे आमच्यातल्या कामगार कार्यकर्त्याला गप्प बसवले नाही, ह्याबद्दल त्या प्राध्यापिकेचे आम्ही आभारी आहोत. त्या एकोणचाळीस मिनिटांना इतिहास आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली. मुंबईची जुनी वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. गिरणीचा भोंगा नव्या वेळेने सहाला वाजू लागला म्हणजे जुन्या वेळेने पाच एकवीसलाच वाजला. कामगाराची झोप तेवढी गेली. त्या जानेवारीतच एका गिरणीत हजारो कामगारांनी नव्या वेळेने काम करण्यास नकार दिला, दगडफेकही झाली. पुढे कित्येक वर्षे मुंबईत दोन वेळा चालत होत्या. हे ऐकल्यावर एका मुलीने विचारले, “मग त्या गिरणीवाल्यांनी काठी लावून का नाही दाखवलं?” सावलीचा प्रश्न असा कोठून कोठे गेला पाहा. शास्त्र आणि समाज ह्यांचे वेगळे तास आपण पाडले आहेत, सूर्याने नव्हेत.

एका वर्गाने काय सिद्ध होते, असे कोणी म्हणेल. आणि ते खरे आहे. म्हणून आता मोठे उदाहरण देतो. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आज त्याचे नाव नर्मदापुरम) १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. तो चालवला किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जीवरसायनाचे संशोधक. ते काम सोडून ते खेड्यात गेले. त्या संस्थेतल्या काही वैज्ञानिकांनी त्यापूर्वी मुंबई महापालिकेच्या शाळांत असे काम केले होते, त्याचा धागाही येथे जोडलेला होता. १९७८ साली हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्याच्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ साली एकलव्य ही संस्था निघाली आणि तिने तो पुढे अनेक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत नेला.

पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात प्रश्न होते, कृती होत्या, आणि उत्तरांची जागा रिकामी होती. चार-चार मुलांच्या टोळ्या करून, साध्या साहित्याची पेटी देऊन, प्रयोग मुलांनीच करावयाचा. मग वर्गात चर्चा. मुले शेतात जाऊन झाडे मुळांसकट आणीत, पाने पाहत, पानाच्या शिरा आणि मुळे ह्यांचा काही मेळ बसतो का ते स्वतः शोधीत. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवावयास परवानगी होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. शंका आली की मुले ‘सवालीराम’ ह्या कल्पित गृहस्थाला पत्र लिहीत, आणि त्यांना उत्तर जाई.

परंतु आम्हांस मोह आहे तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवड्यांचे वर्ग भरत. शिक्षकांपैकी पुष्कळांनी स्वतः शाळेपलीकडे विज्ञान शिकलेलेच नव्हते. त्यांना कसे शिकवावे ह्यावर व्याख्यान मिळत नसे. मुलांनी वर्षभरात जे करावयाचे ते त्यांनी टोळ्या करून आधी स्वतः करावयाचे: तेच पान, तीच पेटी, तेच फसलेले प्रयोग. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणचे प्राध्यापक शेजारी बसत, आणि खेड्यातल्या मास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसले तर तेही डोके खाजवीत. वर्ष सुरू झाले की महिन्याला एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येत, अडलेले प्रयोग मांडत. पुस्तकातला धडा चालत नाही असे त्यांनी सांगितले तर धडा बदले. म्हणजे कारागिराच्या शब्दावर हत्यार बदलत होते. आमच्या कारखान्यांत ह्या एका गोष्टीसाठी आम्ही किती निवेदने दिली, त्याचा हिशेब नाही.

ह्या कामाशी पुण्याचाही एक धागा आहे. टेल्कोच्या पुणे कारखान्यातले एक इंजिनियर, अरविंद गुप्ता, १९७८ साली वर्षाची रजा घेऊन होशंगाबादेस गेले. तेथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळाली. तिचे तुकडे करून काडेपेटीच्या काड्या जोडल्या की त्रिकोण ताठ उभा राहतो आणि चौकोन कोसळतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात हे पाच मिनिटांत, दहा पैशांत कळते. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कितीतरी वर्षे अशी खेळणी बनवली. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातून आगकाडीपर्यंतचा हा प्रवास आम्हांस बढतीसारखाच वाटतो.

२००२ साली मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले. त्यातून तयार झालेले शेकडो शिक्षक नेहमीच्या पुस्तकाकडे परत गेले. त्यांचे हात मात्र परत गेले नसावेत, असे आम्ही समजतो; शिकलेले कसब कागदावरच्या आदेशाने उतरत नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की, नवशिक्याला मोकळे सोडले तर तो काहीच शिकत नाही. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क ह्या तीन अभ्यासकांनी ह्याच मुद्द्यावर एक गाजलेला लेख लिहिला. मार्गदर्शन काढून घेतले की शिकणाऱ्याच्या डोक्यावरचा भार वाढतो आणि हाती थोडे लागते, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते पटते. कोणता शहाणा उस्ताद नव्या पोराला चालू लेथपुढे एकटा उभा करील? वरच्या उदाहरणात प्राध्यापिका प्रत्येक तासाला हजर होत्या, शनिवारची बैठक चुकली नाही, वर्तुळाची युक्तीही मुलांना आपोआप स्वप्नात सुचली नाही. त्या मुलाचे वाक्य फळ्यावर लिहून मग आठवडाभर तिच्याकडे वळवावे लागले. प्रकल्पात मार्गदर्शन कमी लागत नाही, अधिक लागते. ते बोलण्याऐवजी पाहण्याच्या रूपाने असते, एवढाच फरक. जे लोक प्रकल्प म्हणजे शिक्षकाची सुट्टी असे समजतात, त्यांच्यामुळेच ही पद्धत बदनाम झाली.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रम पुरा होत नाही हा. त्यावर फार बोलण्याजोगे काही नाही. सगळे धडे प्रकल्पाने शिकवा असे कोणी म्हणत नाही. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत एक प्रश्न तरी शेवटास न्या, एवढेच मागणे आहे. त्याला जागाही आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिता घातली. वीस आठवडे म्हणजे सावलीने एक ऋतू ओलांडावा एवढा काळ. त्यांतले निम्मे जरी एका शाळेत, एका गटाने, एका प्रश्नावर घातले, आणि गुण वहीच्या जाडीला न देता शनिवारच्या बैठकीतल्या नोंदींना दिले, तर स्टेशनरीवाल्याचे थोडे नुकसान होईल. दुसरे कोणाचे होणार नाही.

तिसरी अडचण आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण खरी तीच आहे. प्रकल्पाला वेळ लागतो, आणि वेळ हा मजुरीचा विषय आहे. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काढावयाची. त्याखाली आणखी एक पायरी आहे ती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची. त्याला फळ्यासमोरच्या तासाचे पैसे मिळतात. मैदानात काठीजवळ थांबण्याचे, संध्याकाळी वह्या वाचण्याचे, शनिवारी सोबत्यांशी बसून चर्चा करण्याचे पैसे कोणत्याही पत्रकात नाहीत. कारखान्यात ह्याला आम्ही नगावारी म्हणतो. नगावर पैसे मिळणारा कामगार यंत्र थांबवून बिघाड शोधीत बसत नाही. त्याला ते परवडत नाही. तेव्हा प्रशिक्षणात कितीही उत्तम उमेदवारी करवली, तरी पुढे त्या शिक्षकाला नगावारीवर ठेवले तर तो मुकाट्याने अपेक्षित उत्तराच्या रकान्याकडे वळेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. शिक्षकांच्या संघटनांनी वेतनाच्या मागणीबरोबर ह्या वेळेची मागणी लिहून द्यावी, असे आम्ही त्यांच्या कार्यकर्त्यांना प्रत्येक भेटीत सांगतो.

त्या सहांपैकी दोघे नंतर तासिका तत्त्वावर लागले. एकाचे परवा पत्र आले. त्याच्या शाळेत तास पस्तीस मिनिटांचा. सावलीची पहिली खूण घ्यावी तर दुसऱ्या खुणेपर्यंत चार तास उलटतात आणि वर्ग चार शिक्षकांच्या हाती जातो. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. म्हणून त्याने गणिताच्या बाईंशी आणि कवायतीच्या सरांशी बोलून एक जुळणी केली आहे, आणि मुख्याध्यापकांकडे बुधवारची दुपार अर्जाने मागितली आहे. ओळंबा तेथल्या एका मुलाने आधीच आणून ठेवला आहे. अर्जाचे उत्तर अजून यावयाचे आहे.